डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलीला यंदा छोट्या गटात घालावं की वर्षभर थांबावं?

ताई, तुमची मुलगी डिसेंबर 2022 ची, म्हणजे येत्या जूनमध्ये साडेतीनची. नियमात बसते, शाळा घ्यायला तयार आहे, आणि सासूबाई म्हणतात ‘वर्ष कशाला वाया घालवता’. मला विचाराल तर थांबा. आमच्याकडे हे शहाणपण उशिरा आलं, म्हणून सांगतो.

माझा मुलगा नोव्हेंबर 2018 चा. 2022 च्या जूनमध्ये छोट्या गटात घातला, वर्गात सगळ्यात लहान. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो, बायको तेलुगू, आणि पोराला दिवसभर सांभाळायची ती त्याची अम्मम्मा, म्हणजे आईची आई. घरात पोपट, शाळेत मुका. ‘शू लागली’ एवढं बाईंना मराठीत सांगता येईना. ओली चड्डी पिशवीत बांधून दप्तरातून परत यायची, आणि झालं काय ते सांगायचे रिक्षावाले मामा. घटक चाचणीनंतर बाई म्हणाल्या, ‘जरा मंद आहे हो.’ पावणेचार वर्षांच्या पोराची घटक चाचणी! दिवाळीनंतर पाठवलंच नाही. फी गेली ती गेली.

मग गल्लीतल्या अंगणवाडीत दोन तास जायचा. संक्रांतीला गड्ड्यावर, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, फुगेवाल्याकडे, एरवी किराणा दुकानात, मी नुसता मागे उभा राहायचो, मागायचं त्यानेच. पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या शाळेत पुन्हा छोटा गट. पहिल्याच आठवड्यात बाईंकडे तक्रार घेऊन गेला, शेजारच्याने खोडरबर घेतलं म्हणून. मला त्या तक्रारीचा फार आनंद झाला होता.

तेव्हा एबीसीडी येते का, शंभरपर्यंत म्हणते का, हे बघू नका. ओळख नसलेल्या बाईला ती आपली गरज सांगू शकते का, ते बघा.

आणि हिशोब छोट्या गटाचा नको, पहिलीचा करा. राज्याच्या नियमाने त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण झाले की पहिली. यंदा घातलं तर जून 2028 मध्ये ती साडेपाच वर्षांची असताना पहिलीत बसेल, आणि शेजारचं जानेवारीचं पोर तिच्याहून जवळजवळ वर्षाने मोठं असेल. मालक रेल्वेत असतील आणि केंद्रीय विद्यालय डोक्यात असेल, तर प्रश्नच मिटला: तिथे 31 मार्चला सहा पूर्ण लागतात, म्हणजे तिचा नंबर 2029 लाच.

वर्गातलं सगळ्यात लहान मूल मागे वाटतं, ते पुष्कळदा नुसतं लहान असतं. अमेरिकेत 1 सप्टेंबरची अट असलेल्या राज्यांतल्या मुलांवरचा एक अभ्यास 2018 मध्ये आला. तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यात लहान मुलांना अतिचंचलतेचं निदान सप्टेंबरवाल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त मिळत होतं. आमच्या बाईंचं ‘मंद’ त्यातलंच. वाचन-गणितातला फरक वरच्या वर्गांत कमी होत जातो, हेही खरं. त्यामुळे काही कारणाने घालावंच लागलं तर घाबरून जाऊ नका.

एक मात्र वेगळं. तिला घरच्या भाषेतही वाक्यं जुळवता येत नसतील, तर थांबणं हा उपाय नव्हे. आधी कान तपासून घ्या, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि थांबायचं तर आत्ताच. पहिलीत गेल्यावर मागे बसवलेलं पोराला कळतं, आणि गल्लीलाही.

आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांसाठी, अर्ज करणार असाल तर वयाची वरची मर्यादाही असते, ती त्या वर्षीच्या सूचनेत बघून घ्या.

सासूबाईंचं म्हणाल तर माझी आई अजून बोटं मोजते, नातवाची दहावी वर्षभर लांबली म्हणून. नातू यंदा पहिलीत आहे.