दोन पोपट पाळायला वर्षाला किती खर्च येतो?

प्रश्न: आम्ही वडोदऱ्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. नऊ वर्षांच्या मुलीला पोपटाची जोडी हवी आहे. दुकानदार म्हणतो, महिन्याला दोनशे रुपयांचे दाणे लागतील, बाकी खर्च काही नाही. खरंच एवढ्यात भागतं का?

उत्तर:

दुकानदार खोटं बोलत नाहीये. त्याने फक्त त्याच्या दुकानातून जाणाऱ्या मालाचा हिशेब सांगितला. आमच्याकडे, इथेच वडोदऱ्याच्या बाबाजीपुऱ्यात, कॉकटीलची (डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या परदेशी पोपटाची) जोडी आहे. तिचे वर्षाचे १२,००० रुपये होतात आणि त्यात दाण्यांचे जेमतेम १,५००. हेही दोघं धडधाकट असतील त्या वर्षाचं. आजारपण निघालं तर हिशेब विसरायचा.

पण आकड्यांच्या आधी एक सांगते. तुमच्या मनात हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठी असलेला मिठू असेल, तर तो विषय इथेच सोडा. आपले देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यांना पकडणं, विकणं, घरात ठेवणं सगळंच गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड १ लाखापर्यंत आणि कैद ३ वर्षांपर्यंत होऊ शकते. इथल्या अर्ध्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या गल्ल्यांमध्ये, कुणाच्या ना कुणाच्या गॅलरीत मिठू टांगलेला दिसतो, म्हणून तो चालतो असं नाही. निळा किंवा पिवळा ‘रिंगनेक’ दाखवून दुकानदार ‘हा फॉरेनचा आहे’ म्हणेल. रंग बदलला म्हणून जात बदलत नाही, मी तरी त्या भानगडीत पडणार नाही.

मग उरतात परदेशी जातीचे पोपट: छोटे बजी, कॉकटील, लव्हबर्ड, कोन्युर आणि त्यापुढचे मोठे. दुकानात बजीलाच ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, तेव्हा काय घेताय ते नीट बघून घ्या. कोन्युर, आफ्रिकन ग्रे, मकाव हे पक्षी आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस करारातल्या यादीत आहेत, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंदणी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर पुढची डोकेदुखी तुमची. बजी, कॉकटील आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड त्या यादीत नाहीत. घरातल्या पहिल्या पक्ष्यासाठी मी याच तिघांतला सुचवेन.

आता आमच्या जोडीचा हिशेब. दाणे म्हणजे राळे, बाजरी, थोडे ओट, थोडं करडई, आणि सूर्यफुलाचं बी अगदी चिमूटभर. दाणेबाजारात घ्यायचे तर राळ्याला ‘कांग’ म्हणून मागा, पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या रंगीत पाकिटापेक्षा बरेच स्वस्त पडतात. महिन्याला पाऊण-एक किलो लागतं. बहुतेक घरांत पक्षी नुसत्या सूर्यफुलावर वाढतो, कारण तेच त्याला सगळ्यात आवडतं. त्यात तेल फार. वर्षानुवर्षं तेच खाऊन यकृतावर चरबी चढते, आणि ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता होते ती वेगळीच. म्हणून पेलेट, म्हणजे पोषणाचं सगळं घालून केलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या. आम्ही भारतीय बनावटीचे घेतो, साधारण ६०० रुपये किलो, वर्षाचे २,२०० होतात. बाहेरच्या देशातले याच्या दुप्पट-तिप्पट असतात.

दाण्यांवरून एक गोष्ट, जी मला कोणत्याही दुकानदाराने सांगितली नाही. पोपट दाणा सोलून खातो आणि टरफल परत वाटीतच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते. वरून फुंकर मारा, टरफलं उडतात आणि खाली वाटीचा तळ दिसतो. नवीन माणूस ‘आज खाल्लंच नाही वाटतं’ म्हणून वाटी तशीच ठेवतो, आणि पक्षी भरल्या वाटीसमोर उपाशी राहतो. फुंकर मारायला पैसे लागत नाहीत, पण मारायची ती गॅलरीत, नाहीतर रोजचा झाडू वाढतो. आमच्याकडे उडालेल्या टरफलांवर मुंग्या, उरलेल्या दाण्यांवर चिमण्या आणि चिमण्यांवर शेजारच्या बेनचं मांजर अशी सगळी व्यवस्था लागलेली आहे.

भाजीपाल्याचे वेगळे पैसे फारसे धरत नाही, वर्षाचे १,५०० धरा. पालक, मेथी, कोथिंबिरीच्या काड्या, गाजर, लाल भोपळा, ओली मिरची असं जे घरात येतं त्यातलंच. खंडेराव मार्केटमध्ये थंडीत पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, यायला लागला की आमच्या जोडीची दिवाळी असते. हुरडा, तुरीचे कोवळे दाणे, पापडीच्या शेंगा, यापुढे पेलेटकडे बघतही नाहीत. फक्त शेव आणि मसाला लावलेला पोंक नाही, साधा. अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट अजिबात नाही, दोन्ही विषारी आहेत. सफरचंद दिलंत तर बिया काढून.

कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात लावायचा समुद्रफेस आणि खनिजाचा तुकडा मिळून वर्षाला ४००. खेळणी, दोऱ्या, फांद्या यांचे १,८००. तुम्ही म्हणाल, खेळण्यांना इतके कशाला? कारण चोचीला काम नसेल तर ती स्वतःची पिसं उपटते किंवा तुमच्या मोबाइलच्या चार्जरची वायर. माझ्या दोन वायरी आणि एका पडद्याची किनार या हिशेबात धरलेली नाही. पेरूची ताजी फांदी धुऊन पिंजऱ्यात लावली तर ते खेळणंही होतं आणि फुकटही. सोसायटीच्या बागेत औषध मारत असतील तर मात्र तिथली घेऊ नका.

उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की पक्षी पंख शरीरापासून लांब धरून, चोच उघडी ठेवून धापा टाकतो. तेव्हा कूलर किंवा एसी ज्या खोलीत, त्याच खोलीत पिंजरा, पण वाऱ्याच्या झोताबाहेर. थंडीत रात्री कापड टाकायचं, आजारी असेल तर बल्ब. वीज म्हणून १,२०० धरते. बाहेरगावी जाताना पक्षी सांभाळणाऱ्याला दिवसाचे शंभर-दीडशे द्यावे लागतात. दिवाळी आणि मे महिना धरून १,५०० जातात. गणपतीत पुण्याला गेलात तर आणखी. शेजारी ठेवून घेतात, पण दर वेळी शेजाऱ्याला कोण धरणार?

डॉक्टरचे २,०००. यात वर्षातून एकदा दोघांची तपासणी आणि विष्ठेची चाचणी येते. आणि याच रकमेवर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण माझ्या मते पोपट पाळावा की नाही, हे इथेच ठरतं.

बजी पाचशे-सहाशेला जोडी मिळते, आफ्रिकन ग्रे हजारांमध्ये जातो. डॉक्टरची फी मात्र पक्ष्याची किंमत बघून ठरत नाही. तपासणी, एक्स-रे, सलाईन, आठवड्याचं औषध, दोन फेऱ्या, म्हणजे चार-पाच हजार सहज. मोठ्या पक्ष्यावर कोणीही खर्च करतो, कारण पक्षी महाग. बजीच्या बाबतीत घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, ‘अरे, एवढ्यात दहा नवीन येतील.’ हिशेब म्हणून ते बरोबरही असतं. हे वाक्य तुमच्या घरात कोण बोलेल, आणि त्या वेळी मुलगी समोर उभी असेल का, हे पक्षी आणण्याआधीच नवरा-बायकोने बोलून घ्या. आमच्याकडे सासऱ्यांनी आधीच सांगून टाकलं होतं की कॉकटील आणा, बजी नको. त्यांना हेच म्हणायचं होतं, हे मला नंतर कळलं.

शिवाय कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पक्ष्याला नीट हाताळणारे मोजके. पक्षी आणायच्या आधी फोन करून विचारा, ‘पोपट बघता का?’ आणि ‘रविवारी बघता का?’ आणंदला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या रुग्णालयाचाही पर्याय लक्षात ठेवा. गाडीने तासाभराचा रस्ता, त्या दिवशी पेट्रोल आणि सुट्टी दोन्ही खर्चात धरायची.

पक्षी आजार लपवतो. जंगलात आजारी दिसला की शिकाऱ्याच्या तोंडी जायचा, म्हणून शेवटपर्यंत अंग ताठ ठेवून बसतो. पिसं फुलवून, डोळे मिटून खाली बसला म्हणजे उशीर झालेला असतो. यावर माझा एकच उपाय आहे आणि तो सगळ्यात स्वस्त आहे: ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला काटा, साडेतीनशेच्या आसपास मिळतो. काट्यावर एक छोटी वाटी ठेवून शून्य करायचं, वाटीत चार दाणे, पक्षी आपणहून चढतो. कॉकटील साधारण ८० ते १०० ग्रॅमचा. दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, आकडा कॅलेंडरवर लिहायचा. दहा टक्के उतरला, म्हणजे ९० चा ८१ झाला, की तो हसत-खेळत असला तरी डॉक्टरला फोन. कॅलेंडरवर लिहायचं काम मुलीला द्या, त्या वयाची मुलं हे मोठ्यांपेक्षा नेमाने करतात.

मादी असेल तर नर नसतानाही अंडी घालू शकते. अंडं अडकलं तर ती तातडीची गोष्ट असते, रात्र काढायची नसते. कॅल्शियमची हयगय करू नका.

एक खर्च कोणीच मोजत नाही, तो स्वयंपाकघरातला. नॉनस्टिकचा तवा जास्त तापला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. आपल्याला वासही येत नाही. वन बीएचकेमध्ये स्वयंपाकघर आणि हॉल असा काय तो फरक? आमच्याकडे थेपले-पोळ्यांचा लोखंडी तवा परत आला, त्याचे सातशे रुपये पोपटांच्या खात्यात. मच्छरची कॉइल आणि खोलीत मारायचे स्प्रेही बंद.

उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे दोन दिवस, १४ आणि १५ जानेवारी, आमच्याकडे पंख कापलेले असले तरी पिंजरा उघडत नाही. वरच्या गच्चीवर ये-जा, दारं सताड उघडी, स्पीकर, आणि बाहेर मांजा. एकदा सुटलेला कॉकटील आपल्याकडच्या आकाशात परतीची वाट शोधत नाही. त्या दोन दिवसांत पक्षी हरवल्याच्या चिठ्ठ्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी येतात.

पहिल्या वर्षी वरच्या १२,००० मध्ये पिंजऱ्याचे ४,५०० ते ५,०००, डॉक्टरकडे न्यायच्या छोट्या पिंजऱ्याचे ८०० आणि पक्ष्यांची किंमत मिळवा. छोट्या पिंजऱ्यावर कंजुशी नको. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा खालच्या मजल्यांवरच्या लोकांना माणसं आणि सामान वर न्यायलाच वेळ पुरला नाही. हातात उचलून पळता येईल असं काहीतरी घरात हवं. पिंजरा जुना घेतलात तर जस्ताचा थर निघालेला, पांढरी पूड सुटणारा घेऊ नका. पक्षी गज चावतो आणि जस्त त्याला बाधतं.

इतर पक्ष्यांचं, ओळखीच्या घरांवरून: बजीची जोडी वर्षाला ५,०००-६,०००, एक कोन्युर १८,०००-२०,०००, आफ्रिकन ग्रे ४०,००० च्या पुढे. गायकवाडांच्या राजवाड्यातले पोपट चांदीची चिमुकली सायकल चालवायचे आणि छोटी तोफ उडवायचे. तो खर्च तिजोरीतून जायचा.

वर्षाला गुणायचं मात्र विसरू नका. बजी पाच ते दहा वर्षं जगतो, कॉकटील पंधरा-वीस, ग्रे चाळीसच्या वर. मुलगी आज नऊ वर्षांची आहे. ती शिकायला बाहेर जाईल तेव्हा कॉकटील अर्ध्या वाटेवर असेल, आणि वाटी फुंकायचं काम तुमच्याकडे येईल. ते आवडणार असेल तर जरूर आणा.

भाड्याचा फ्लॅट आहे म्हणताय, तर मालकाला आधी विचारा आणि कोन्युर टाळा. त्याचा आवाज तीन मजले ऐकू जातो आणि वामकुक्षीच्या वेळेलाच त्याला कंठ फुटतो. कॉकटीलची शिट्टी शेजारी सहन करतात. आमच्या नराने बेनच्या कुकरची शिट्टी उचलली आहे, त्यामुळे त्या अधूनमधून उगीच गॅस बंद करायला धावतात, पण तक्रार अजून आलेली नाही.