'हार्मोन थेरपी' : हार्मोन द्यायचं की रोखायचं?

एका वाचकाचा प्रश्न : "वडिलांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत गेलाय. फाइलवर 'हार्मोन थेरपी' लिहिलंय. आईला थायरॉइडसाठी हार्मोनची गोळी चालू आहेच. बाबांनाही तसंच हार्मोन देणार का? मराठीत याला नेमकं काय म्हणावं?"

शंका रास्त आहे, आणि तिचं मूळ समासात आहे. जलोपचार म्हणजे पाण्याने केलेला उपचार, दंतोपचार म्हणजे दातांवरचा. जोडणी एकच, विग्रह निराळा. हार्मोन म्हणजे मराठीत संप्रेरक. 'संप्रेरक-उपचार' ऐकलं की आपण जलोपचाराच्या चालीने जातो : संप्रेरक देऊन उपचार. आईच्या बाबतीत ते बरोबर, बाबांच्या बाबतीत नेमकं उलट. 'संप्रेरक' हा शब्द मात्र फार नेटका आहे. 'हार्मोन'च्या ग्रीक मुळातही चालना देण्याचाच अर्थ आहे. प्रोस्टेटच्या पेशींना ही चालना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक देतं. ती तोडली की पसरलेला कॅन्सरही आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

म्हणून मी म्हणेन 'संप्रेरकरोधक उपचार'. बायकॅल्युटामाइडच्या गोळीला हा शब्द चपखल बसतो. शरीरात टेस्टोस्टेरॉन तयार होतच राहतं, पण पेशीतल्या ज्या ग्राहीवर ते बसायचं, तिथे गोळी आधीच ठाण मांडून असते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी.

ल्युप्रोलाइडच्या इंजेक्शनपाशी शब्द जरा अडखळतो, कारण ते मेंदूतल्या एका संप्रेरकाचीच नक्कल आहे. मूळ संप्रेरक थांबून थांबून साद घालतं, हे सारखंच हाका मारतं. टेस्टोस्टेरॉन बनवायचा हुकूम सोडणारी मेंदूच्या तळाची पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथी त्याने आधी उत्तेजित होते, सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन चक्क वाढतं. मग ती दादच देईनाशी होते आणि तीन-चार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन अगदी तळाला जातं. सुरुवातीच्या वाढीचा त्रास होऊ नये म्हणून जोडीला बायकॅल्युटामाइड देतात. तेव्हा 'हार्मोनचं इंजेक्शन' म्हणणारे अगदीच चुकत नाहीत. पण परिणाम रोधाचाच.

'नाशक' मात्र म्हणू नका. पसरलेला आजार या औषधांनी बहुधा आटोक्यात राहतो, मुळासकट जात नाही. पुढे काही पेशी अगदी थोड्या टेस्टोस्टेरॉनवरही वाढायला शिकतात.

बाबांशी बोलताना 'हार्मोन रोखायचं औषध' एवढंच सांगा. उद्या अंगातून गरम वाफा निघायला लागल्या, तर त्या कशामुळे, हेही त्यांना उमगेल.