लस पाझरते, टोचते ती सुई

'पोलिओचे थेंब तोंडात घालतात, टोचत नाहीत. मग त्यांना लस म्हणणं चूक नाही का?' असं विचारलंय. नाही. खुशाल म्हणा. परवा औषधांच्या दुकानात एक गृहस्थ 'बी-ट्वेल्व्हची लस' मागत होते आणि दुकानदारानं निमूट काढून दिली! सुई टोचली की झाली लस, हे कुठून डोक्यात शिरलं कोण जाणे.

लस हा पाझरण्याचा शब्द आहे. गुडघा खरचटला, रक्त थांबलं, की वर जे पाणचट, चिकटसर येतं ती लस. संस्कृतात लसीका. त्वचेखालचं पाणी व्रणात आलं की त्याला लसीका म्हणतात, असं चरकसंहितेत स्वच्छ दिलंय. तरी एक व्याख्याते ठासून सांगत होते, 'लस म्हणजे पू.' अहो, पू आला म्हणजे काम बिघडलं! देवीवरची पहिली लस गोस्तनदेवीची, म्हणजे गायीच्या सडांवरून माणसाला लागणाऱ्या सौम्य देवीची. तिचा फोड साधारण आठव्या दिवशी मोत्यासारखा भरतो. तेव्हा सुरीचं टोक लावलं की नितळ थेंब येतो. हवा असायचा तो थेंब.

इंग्रजांनी नावासाठी गाय धरली, लॅटिन 'वाक्का'. १४ मे १७९६ रोजी जेन्नर या इंग्रज डॉक्टरनं सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडात घातला, म्हणून 'व्हॅक्सिन'. लोकांनीही गायच धरली. १८०२ सालच्या गिलरेच्या व्यंगचित्रात टोचून घेतलेल्यांच्या अंगातून चक्क गायी बाहेर पडतायत. पण टोचणारे डॉक्टर रोजच्या बोलण्यात त्या द्रवाला 'लिम्फ' म्हणत. लॅटिन 'लिम्फा' म्हणजे स्वच्छ पाणी. माझं मत असं, की आपली 'लस' ही व्हॅक्सिनचं भाषांतर नाहीच, ती लिम्फचं आहे. योगायोग म्हणणाऱ्यांनी म्हणावं.

आता 'लसीकरण'. एक शुद्धिवादी म्हणतात हा शब्दच अशुद्ध: शुद्धीकरण म्हणजे जे शुद्ध नाही ते शुद्ध करणं, तसं लसीकरण म्हणजे जे लस नाही त्याची लस करणं! व्याकरण बिनचूक, इतिहास कच्चा. कारण तेव्हा नेमकं तेच होत होतं. लस वाटेत वाळून निकामी व्हायची, बर्फपेटी नव्हती, म्हणून ती माणसाच्या दंडातूनच न्यावी लागे. १८०३ साली स्पेनमधून अमेरिकेकडे जहाज निघालं त्यात २२ अनाथ मुलगे होते. एकावेळी दोघांना टोचायचं, त्यांचे फोड भरले की पुढच्या दोघांना. ती मुलं म्हणजेच लस. त्यांना विचारलं कुणी होतं, हे वेगळं सांगायला नको. मुंबईला लस बगदाद-बसऱ्यामार्गे आली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर धरली. पुढच्या मुलांना ती तिच्याच दंडावरून मिळाली. पोरीचं अक्षरशः लसीकरण झालं!

हां, थेंब. १८८१ साली लंडनच्या वैद्यक परिषदेत पाश्चरनं जेन्नरच्या सन्मानार्थ सगळ्याच रोगांच्या लसींना 'व्हॅक्सिन' हा शब्द लावायचं सुचवलं. गाय तेव्हाच सुटली, मग सुईचं काय कौतुक? शिवाय थेंबांतला दुबळा विषाणू बाळाच्या आतड्यात वाढतो, शौचातून बाहेर पडतो आणि कधीकधी शेजारच्या न पाजलेल्या पोरालाही लागू पडतो. म्हणजे पुन्हा बाळाचीच लस. शुद्धिवाद्यांना कळवा.