दाराआडची जागा

शब्दकोश उघडून पाहिला, पोरकट म्हणजे बालिश, मग यात एवढं लागण्यासारखं काय आहे, असं तुम्ही विचारता. लग्नाला अकरा वर्षं झाली. घरी जमलेल्या नातेवाइकांत पत्त्यांचा डाव हरल्यावर बायकोने ‘अजून एक, अजून एकच’ असा हट्ट धरला आणि तुम्ही म्हणालात, ‘पुरे आता हा पोरकटपणा.’ सगळे हसले, तीही हसली. तेव्हापासून ती कामापुरतं बोलते. एका शब्दाचा ती एवढा बाऊ का करते, ते मी तुम्हाला समजावून सांगायचं आहे.

शब्दाचं सांगते. पण तुमच्या पत्राच्या शेवटी, जाता जाता एक ओळ आली आहे: ‘बाकी घरात शांतता आहे, चपला आत लपवून, दाराआड उभं राहून मला भॉ करणंही तिने बंद केलंय.’ ही ओळ तुम्ही बरं झालं अशा सुरात लिहिलीत. मी ती तीनदा वाचली आणि मला तुमचा राग आला.

अहो, अकरा वर्षं एक बाई दिवसभराचं काम उरकून, ती घरी नाही असं तुम्हाला वाटावं म्हणून चपला आत नेत होती आणि श्वास रोखून दाराआड उभी राहत होती. वाट पाहिल्याशिवाय कुणाला लपता येतं का? तुमची अशी वाट पाहणारं दुसरं कोण आहे?

आता शब्द. ‘पोर’ हा आपल्याकडे मायेचा शब्द. चाळिशीतल्या मुलालाही आई ‘दमलं गं माझं पोर’ म्हणते. त्याला ‘कट’ चिकटला की काय होतं, ते त्याच्या भावंडांत बघा: मळकट, तेलकट, धुरकट, मातकट. तेल हवंसं असतं, तेलकट हात धुवावेसे वाटतात. पोरकट म्हणजे पोरपणाचा डाग अंगावर राहिलेला मोठा माणूस. म्हणून तर पाच वर्षांच्या मुलाला कुणी पोरकट म्हणत नाही. बालिश हा संस्कृतातून आलेला, तिथे त्याला मूर्ख असाही अर्थ आहे. तरी मराठीत तो अनेकदा प्रश्नाला, युक्तिवादाला लावतात. पोरकट अख्ख्या माणसाला चिकटतो. अल्लड म्हणताना कौतुक असतं, बालसुलभ म्हणताना तर आपण माफच करून टाकलेलं असतं. एवढे शब्द हाताशी असताना तुम्ही नेमका हा उचललात.

आणि हा शब्द थोरांनी धाकट्याला म्हणायचा. तो उच्चारताना तुम्ही खेळगड्याच्या जागेवरून उठलात आणि तिच्या वडिलांच्या जागी जाऊन बसलात, तेही सगळ्यांदेखत. वडीलधाऱ्या माणसाला दाराआडून कोण भॉ करतं?

इतरांना उठायचं असताना डावासाठी अडून बसणं बरोबर नव्हतं, हे मान्य. ‘उद्या खेळू गं’ म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

येत्या सुट्टीच्या दिवशी त्याच लोकांना घरी बोलवा. पत्ते पिसायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, ‘त्या दिवशी मी हिला पोरकट म्हणालो. चूक झाली, तो शब्द मी मागे घेतो.’ पुढे ‘गंमत केली होती’ असं जोडू नका. खोलीत, दार लावून मागितलेली माफी इथे पुरायची नाही. हसलेली माणसं समोर हवीत.

आणि उत्साहाच्या भरात तुम्ही स्वतः दाराआड लपायला जाऊ नका. ती जागा तिची आहे, तिथे परत यायचं की नाही ते तिला ठरवू दे. तुम्ही रोजच्या वेळेला घरी या, आणि जिन्यावर पावलं वाजवत या.