नार्विकची विनाशिका, जी नार्विकला नव्हती

प्रश्न : 1:350 मापाचं 'नार्विक क्लास' जर्मन विनाशिकेच्या प्रतिकृतीचं किट हाती आलं आहे. एप्रिल 1940 मधली नॉर्वेतल्या नार्विक बंदराची लढाई दाखवायची आहे. फ्योर्ड (डोंगरांत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी), बर्फ, सगळं. सुरुवात कुठून करू?

उत्तर : किट बंद करा आणि खोक्यात परत ठेवा. चिडू नका, हा सल्ला मला कुणी वेळेवर दिला असता तर माझे नऊ महिने वाचले असते. मी हेच किट, हाच देखावा केला होता. प्रदर्शनात मांडला, तर एक वयस्कर गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून इतके वाकले की त्यांच्या श्वासाने माझं रेझिनचं पाणी धुरकटलं. पुढच्या जोड-तोफेच्या टरेटवर (फिरत्या चिलखती बुरुजावर) बोट न टेकवता, नुसतं रोखून म्हणाले, "ही इथं कशी आली?"

आली नव्हतीच. दोस्त राष्ट्रांकडच्या लोकांनी ज्यांना 'नार्विक क्लास' म्हटलं त्या 1936ए प्रकारच्या विनाशिका. त्यांतली पहिली, झेड 23, नौदलात दाखल झाली सप्टेंबर 1940 मध्ये, म्हणजे लढाईनंतर पाच महिन्यांनी. या नव्या जहाजांच्या 8व्या फ्लोटिलाला (तुकडीला) बुडालेल्यांच्या आठवणीत नार्विकचं नाव मिळालं, आणि पुढे ते सगळ्या वर्गालाच चिकटलं. नाव खरं, जागा खोटी.

नार्विकला गेल्या त्या दहा विनाशिका आधीच्या पिढीच्या. एक 1934 प्रकारची, चार 1934ए आणि पाच 1936. सगळ्यांवर 12.7 सेंटिमीटरच्या पाच सुट्या तोफा, दोन पुढे आणि तीन मागे. तुमच्या किटवरची 15 सेंटिमीटरची तोफ एकीवरही नाही, टरेट तर दूरच. 10 एप्रिलला बंदरातच 'विल्हेल्म हाइडकाम्प' आणि 'आंटोन श्मिट' गेल्या. 13 तारखेला ब्रिटिश युद्धनौका 'वॉरस्पाइट' नऊ विनाशिका घेऊन आत शिरली आणि उरलेल्या आठही संपल्या.

माझं ऐकाल तर 'गेओर्ग थिले' करा. दहांतली 1934 प्रकारची ती हीच. रोम्बाक्सबोटन या फ्योर्डच्या आतल्या भागाच्या अरुंद तोंडाशी अडकलेली असताना तिच्या टॉर्पेडोने 'एस्किमो' या ब्रिटिश विनाशिकेची नाळच, म्हणजे पुढचं टोकच, तोडून टाकली. मग कप्तानाने तिला किनाऱ्यावर चढवलं. तिचे अवशेष आजही तिथे पाण्याबाहेर डोकं काढून आहेत, त्यामुळे डोंगराचा उतार आणि किनाऱ्याचा दगड यांसाठी आजचे फोटोही कामाला येतात. लांबी 119 मीटर, म्हणजे तुमच्या मापात 34 सेंटिमीटर. मोठ्या ताटाएवढा पाया घेतलात तर फ्योर्ड कोंबावा लागेल, दीडपट घ्या.

आणि तुमचं किट फुकट गेलेलं नाही. 1942 नंतरचा नॉर्वेचा उत्तर किनारा दाखवा. फक्त नंबर जपून निवडा. या वर्गातल्या पहिल्या काही जहाजांना टरेट वेळेवर मिळालंच नाही, पुढे एकच सुटी तोफ बसवून त्यांना पाठवलं. झेड 26 तर मार्च 1942 मध्ये बॅरेंट्स समुद्रात बुडाली ती टरेटशिवायच. झेड 28 हे फ्लोटिलाच्या प्रमुखासाठी केलेलं जहाज, तिच्यावर चारच तोफा, दोन पुढे, दोन मागे. त्या दोन सोडून घ्या, आणि हातातला फोटो टरेट बसल्यानंतरचा आहे ना, एवढं बघा.

प्रश्न : 'कार्ल गाल्स्टर' (झेड 20) करतोय. एका आराखड्यात नाळ सरळ आहे, फोटोत पुढे झुकलेली. कोणावर विश्वास ठेवू?

उत्तर : फोटोवर. आराखडा बहुधा तिच्याच वर्गातल्या झेड 17 ते 19 यांचा असावा. त्यांची नाळ सरळ होती. शेवटच्या तीन, म्हणजे 20, 21 आणि 22, क्लिपर, म्हणजे पुढे झुकलेली, नाळ घेऊनच तयार झाल्या. लांबी 123.4 वरून 125.1 मीटर झाली. 1:350 मध्ये हा फरक पाच मिलिमीटरचा, म्हणजे पुट्टीने भागणार नाही. प्लास्टिकचा तुकडा चिकटवा, दोन दिवस सुकू द्या, मगच कानस लावा. 'गाल्स्टर' नार्विकला गेली नव्हती आणि त्या सहांतली तीच एकटी युद्धातून वाचली. नंतर रशियनांकडे गेली. त्यामुळे फोटोवरून काम करताना झेंडा कुणाचा आहे ते आधी बघत चला.

प्रश्न : पाणरेषेजवळचा पट्टा फोटोत काळा दिसतो. त्याखालचा भागही काळाच. मग लाल रंग का लावायचा?

उत्तर : कारण फिल्मला लाल दिसत नव्हता. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म सर्रास वापरत, आणि तिच्यावर लाल रंग काळाच उमटतो. खालचा भाग गडद लाल, वरचा पट्टा काळसर ठेवा. युद्धाच्या सुरुवातीचं जहाज असेल तर हल, म्हणजे जहाजाचं धड, डुंकेलग्राउ 51 (गडद करडा) आणि वरचं बांधकाम हेलग्राउ 50 (फिकट करडा), हे दोन करडे पुरतात. 1:700 मध्ये दोन्हींत थोडा पांढरा मिसळा, नाहीतर जहाज कोळशात बुडवून काढल्यासारखं दिसतं. हलवरचे मोठे आकडे मात्र लावू नका, ते शांततेच्या काळातले. युद्ध सुरू झालं तसे ते पुसले.

प्रश्न : झेड 39 चे 1945 मधले अमेरिकी फोटो फार स्पष्ट आहेत. त्यावरून 1942 ची झेड 30 करता येईल का? आणि सोबतच्या फोटोत धुराड्याशेजारी दोन पिंपं दिसतात, ती कसली?

उत्तर : दारं, नळ्या, शिड्या, तोफांच्या ढालींमागची बाजू, हे सगळं खुशाल घ्या. एवढ्या जवळून घेतलेले फोटो दुसरीकडे मिळणं कठीण. विमानविरोधी तोफा आणि डोलकाठीवरच्या रडारच्या जाळ्या मात्र घेऊ नका. 1945 पर्यंत जिथे जागा सापडेल तिथे छोट्या तोफा चढल्या होत्या, 1942 चा डेक त्यामानाने मोकळा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत धुराड्याशेजारी जे दोन पिंप दिसतात म्हणता, ती मला पिंपं वाटत नाहीत, बहुधा हवा आत घेणारे पंखे आहेत. भिंग लावून परत बघा, आणि तोवर डिंकाची बाटली बंदच राहू द्या.