काझुंगुला पूल वाकडा का आहे, आणि त्यामुळे ट्रकांचा वेळ खरंच वाचतो का?

हा पूल आफ्रिकेत झांबेझी नदीवर बोट्स्वाना आणि झांबिया यांना जोडतो. या दोन देशांची सामाईक हद्द नदीत जेमतेम दीडशे मीटर आहे. एका अंगाला नामिबिया, दुसऱ्या अंगाला झिम्बाब्वे. काठापासून काठापर्यंत सरळ पूल टाकला असता तर तो झिम्बाब्वेच्या हद्दीत शिरला असता. म्हणून 923 मीटरचा पूल वळवून नेला.

हे वळण अभियंत्यांना महागात पडतं. अशा पुलात मनोऱ्यांपासून ताणलेल्या केबली डेकला, म्हणजे रस्त्याच्या पृष्ठभागाला, आधार देतात. केबल सरळच ओढली जाते, पण खालचा डेक वळत असतो. त्यामुळे केबल डेकला वर उचलते तशी बाजूलाही खेचते आणि डेकला पीळ बसतो. मनोऱ्यापाशी काढलेल्या सरळ रेषेपासून डेक किती बाजूला सरकतो ते पाहा: अंतर दुप्पट झालं की हे सरकणं साधारण चौपट होतं. लांब केबलींचा उंच पूल इथे त्रासाचाच ठरला असता. त्याऐवजी 'एक्स्ट्राडोज्ड' रचना घेतली: मनोरे बुटके, केबली आखूड आणि आडव्या, भाराचा मोठा वाटा खालच्या काँक्रीटच्या ताठ गर्डरवर (तुळईवर). सर्वांत मोठा गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, 129 मीटरचा आहे. रुंदी 18.5 मीटर; दोन लेन, पादचाऱ्यांची वाट आणि मधोमध रेल्वेच्या एका मार्गासाठी जागा.

10 मे 2021 ला पूल खुला होण्याआधी सगळी मदार तराफ्यांवर होती. एका खेपेत फार थोडे अवजड ट्रक जायचे, त्यामुळे रांगेत कित्येक दिवस मोडायचे. 2003 मध्ये जादा भरलेल्या ट्रकमुळे तराफा उलटून 18 जण बुडाले होते.

आता नदी ओलांडायला काही मिनिटं पुरतात. पण वेळ वाचवण्यात पुलाइतकाच वाटा 'वन-स्टॉप' नाक्याचा आहे, आणि हे बातम्यांत फारसं येत नाही. उत्तरेकडे जाताना दोन्ही देशांचं काम झांबियाच्या बाजूला होतं, दक्षिणेकडे येताना बोट्स्वानाच्या. निघताना थांबायचं नाही, पोचल्यावर एकदाच. अडतं ते कागदांवर. मालाची कस्टम्स नोंद आधीच झालेली नसेल तर ट्रक पूल झरकन ओलांडतो आणि पलीकडच्या यार्डात उभा राहतो. भाड्याची गाडी नेणार असाल तर मालकाचं सीमापार नेण्याचं परवानगीपत्र आधी मागून घ्या. नाक्यावर ते मिळवणं जवळपास अशक्य असतं. झांबियात शिरताना गाडीच्या तात्पुरत्या आयातीचा परवाना आणि थर्ड पार्टी विमाही लागतो.