वाचकांचे प्रश्न : रात्रीची कळसूबाई आणि सूर्योदय

प्रश्न : जानेवारीत आम्ही सहाजण रात्री 11 वाजता बारी गावातून निघालो आणि पावणेतीनलाच कळसूबाईच्या माथ्यावर पोचलो. स्वेटर, वर जॅकेट, तरी दात वाजत होते. दोघं उजाडायच्या आतच खाली उतरले. काय चुकलं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कपड्यांपेक्षा वेळ चुकली. सूर्योदयासाठी निघायचं तर हिशेब सूर्यापासून मागे करत यायचा. जानेवारीच्या मध्यात या भागात सूर्य साधारण 7 वाजून 10 मिनिटांनी उगवतो. आकाशात रंग भरतात ते त्याआधीच्या पाऊण तासात. म्हणजे सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान माथ्यावर असणं पुष्कळ झालं. बारीहून चढ आठशे मीटरच्या आसपास आहे, अंधारात थांबे धरून साडेतीन तास लागतात. तुम्ही अडीच-पावणेतीनला निघायला हवं होतं. मेअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास येतो, तेव्हा दीडलाच निघावं लागतं.

लवकर पोचल्यावर नेमकं काय होतं? चढताना बनियन घामाने भिजतो. चालताय तोवर ते जाणवत नाही. माथा 1646 मीटरवर, चारी बाजूंनी उघडा. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे गावापेक्षा वर जेमतेम पाच अंशांचा फरक. तेवढ्याने माणूस गारठत नाही. ओल्या कापडावरून वारा वाहिला की गारठतो, आणि त्यावर तीन जॅकेटं चढवली तरी आतली ओल तिथेच राहते.

म्हणून चढताना एकच पातळ, लवकर वाळणारा टी-शर्ट घाला, सुती नको. पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे. निघतानाच उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झालाय. कोरडा बनियन, स्वेटर, कानटोपी आणि वारा अडवणारं जॅकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकमध्ये ठेवा. वाटेवरच्या शेवटच्या लोखंडी शिडीच्या खाली आडोसा बघून थांबा, ओला टी-शर्ट काढा, अंग पुसा, कोरडे कपडे घाला आणि मग माथा गाठा. वर पोचून बदलू म्हटलं तर बोटं बधिर होतात, चेन लागत नाही.

प्रश्न : मोबाइलचा टॉर्च पुरेल का? शिड्यांची धास्ती वाटते. – एक वाचक, संगमनेर

उत्तर : पुरणार नाही. लोखंडी शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात. डोक्याला बांधायचा टॉर्च प्रत्येकाकडे स्वतंत्र हवा. दोघांत एक असला की मागचा माणूस पुढच्याच्या सावलीत पाय टाकतो. दीडशे-दोनशे ल्युमेन (उजेडाचं माप) भरपूर झाले. जास्तीचे सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा, थंडीत ते लवकर मान टाकतात. धुकं लागलं तर डोक्यावरचा उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांतच परत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी टॉर्च काढून कमरेच्या उंचीवर धरा, पायाखालची वाट दिसते.

पहाटे शिड्यांवर दव असतं. पकड असलेले हातमोजे घाला, लोकरीचे घसरतात. काठी मिटवून सॅकला बांधा. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम शिडीवर टेकलेले हवेत. एका शिडीवर एका वेळी एकच माणूस, आणि खालच्यांनी शिडीच्या रेषेतून बाजूला थांबायचं, कारण वरून दगड किंवा पाण्याची बाटली सुटते. उतरताना तोंड शिडीकडेच.

वाट चुकते ती मात्र शिड्यांपाशी नाही, सुरुवातीला. गाव संपल्यावर शेतांतून ढोरवाटा फुटतात आणि अंधारात सगळ्या सारख्याच रुळलेल्या दिसतात. पहिल्यांदा जाताय तर गावातला वाटाड्या घ्या.

प्रश्न : ऑक्टोबरात गेलो तर सगळं धुकं. सूर्योदय नक्की दिसेल असे दिवस कोणते? – एक वाचक, पुणे

उत्तर : नक्की कधीच नाही, पण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत शक्यता सगळ्यांत चांगली. पावसाळ्यात माथा ढगातच असतो. उन्हाळ्यात क्षितिजावर धुरळा साचतो आणि सूर्य बराच वर आल्यावर फिकट चकतीसारखा दिसतो.

थंडीत सूर्य नेमका पूर्वेला शोधू नका. डिसेंबरात तो पूर्वेपासून 25 अंश दक्षिणेकडे, आग्नेयेच्या बाजूला उगवतो. आणि सूर्योदयाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी एकदा पाठ फिरवून पश्चिमेकडे जरूर बघा. अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांच्या वर क्षितिजालगत निळसर करडा पट्टा आणि त्यावर गुलाबी झाक दिसते. तो पट्टा म्हणजे पृथ्वीचीच सावली. सूर्य वर आला की कळसूबाईची त्रिकोणी सावली त्याच बाजूला पसरते. पूर्वेकडे मोबाइल धरून उभी असलेली बहुतेक मंडळी हे पाहतच नाहीत, याची खरोखर हळहळ वाटते. पौर्णिमेच्या पहाटे गेलात तर इकडे सूर्य येतो तेव्हा तिकडे चंद्र मावळत असतो. तारे बघायचे असतील तर मात्र अमावास्येच्या आसपास जा.

शनिवार-रविवार टाळा. माथा लहान आहे, त्यात देवीचं देऊळ. गर्दीत कठड्याशी उभं राहायलाही जागा नसते. नवरात्रात तर भाविकांची रीघ असते.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलाला न्यावं का? परवानगी लागते का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी दिवसा एकदा न्या. दिवसा शिड्या न घाबरता चढला तरच रात्री. डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. रात्रीच्या प्रवेशाचे नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी वनखात्याकडे विचारा.

प्रश्न : उतरताना गुडघे फार दुखतात. काही उपाय? – एक वाचक, ठाणे

उत्तर : रात्रभर जागलेले पाय उतरताना ढिले पडतात, आणि मुरमाच्या घसाऱ्यावर माणूस तिथेच घसरतो. पावलं आखूड टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, काठ्या आता बाहेर काढा. माणशी तीन लिटर पाणी घेतलं असेल तर त्यातलं लिटरभर उतरण्यासाठी राखा. नऊनंतर ऊन थेट अंगावर येतं. अडीच तास धरा, घाई नको.

याहून मोठी काळजी गाडीची. चढून-उतरून आलेल्या माणसाने लगेच घोटीमार्गे मुंबईची वाट धरली की स्टिअरिंगवर डुलकी लागते. बारीत भाकरी खाऊन एखाद्या घराच्या ओसरीवर दोन तास झोपा, नाहीतर रात्री गावातच झोपलेला चालक सोबत आणा.